गॅबॉनची मतपत्रिका आणि हिरावलेले दुसरे मत

आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "गॅबॉनमध्ये लष्कराने पन्नास वर्षांचे घराणे एका सकाळी घालवले. आपण मात्र मतदानाच्या रांगेत उभे राहतो. त्यांचे काय चुकले?" प्रश्नाला टाळ्याही पडल्या. उत्तर द्यायचे तर आधी त्या देशाची मतपत्रिका पाहावी लागते.

गॅबॉन हा मध्य आफ्रिकेतला, जेमतेम २५ लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश. जमिनीत तेल आणि मँगनीज, तरीही मोठा वर्ग गरिबीत. १९६७ पासून ओमार बोंगो आणि २००९ पासून त्यांचा मुलगा अली, अशी बाप-लेकाची सत्ता. २६ ऑगस्ट २०२३ रोजी तिथे राष्ट्राध्यक्ष, संसद आणि स्थानिक संस्था अशा तिन्ही निवडणुका एकाच दिवशी झाल्या.

मतदानाला महिना-दीड महिना उरला असताना नियम बदलला. राष्ट्राध्यक्ष आणि खासदार यांचे मत एकाच मतपत्रिकेत बांधले गेले. म्हणजे गावातल्या कामाच्या खासदाराला मत दिले, की त्याच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षालाही ते आपोआप गेले! विरोधकांचे संयुक्त उमेदवार प्रा. अल्बेर ओंदो ओसा अपक्ष होते. त्यांच्यामागे स्वतःच्या पक्षाचे खासदारकीचे उमेदवार नव्हते. बदललेल्या नियमाचा फटका कोणाला बसणार, हे सांगायला पंडिताची गरज नाही.

मतदान संपता संपता इंटरनेट बंद झाले, संचारबंदी लागली. ३० ऑगस्टच्या पहाटे निकाल आला : अली बोंगो ६४.२७ टक्के, ओंदो ओसा ३०.७७ टक्के. काही वेळातच लष्करी अधिकाऱ्यांनी निवडणूक रद्द करून सत्ता घेतली.

आमचे म्हणणे असे की, संसदेचा गळा त्या सकाळी घोटला गेला नाही. तो मतपत्रिका छापली गेली तेव्हाच घोटला गेला होता. खासदार राज्यकर्त्याला जाब विचारण्यासाठी असतो. त्याचे मतच राज्यकर्त्याच्या मताला बांधले, तर तो कोणाला आणि कसला जाब विचारणार?

दुसऱ्या मताची किंमत आंबेडकरी माणसाला तरी सांगावी लागू नये. १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दोन मते दिली होती : एक स्वतःचा प्रतिनिधी निवडायला, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. पुणे करारात राखीव जागा वाढल्या, पण ते दुहेरी मत गेले. संदर्भ वेगळा आहे, गॅबॉनमध्ये प्रश्न जातीचा नव्हता. पण धडा एकच : प्रतिनिधी कोणाचे मिंधे राहतील, हे मतदानाची रचना ठरवते. म्हणून जाहीरनाम्याआधी मतदानाचे नियम वाचायला शिका.

मग लष्कराने ते मत परत दिले का? सत्ता घेणारे जनरल ब्रीस ओलिगी न्गेमा हे राष्ट्राध्यक्षांच्या रक्षक दलाचेच प्रमुख, एकेकाळी ओमार बोंगोंचे अंगरक्षक अधिकारी. रस्त्यावर लोक नाचले, आणि त्यांचा आनंद खोटा नव्हता. पण २०२४ च्या नव्या संविधानाने पंतप्रधानपदच काढून टाकले आणि राष्ट्राध्यक्ष आणखी बलवान झाला. एप्रिल २०२५ मध्ये जनरलसाहेब ९० टक्क्यांहून जास्त मतांनी निवडून आले. जुलैमध्ये त्यांनी पक्ष काढला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संसदीय निवडणुकीत त्याच पक्षाला बहुमत मिळाले. या वेळी दोन्ही मतदाने वेगवेगळ्या महिन्यांत झाली, हे खरे. पण मत सुटले तरी संसद सुटली नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी दोन इशारे दिले : संविधानिक मार्ग खुला असताना असंविधानिक मार्ग नको, आणि राजकारणात भक्ती नको, कारण ती हुकूमशाहीकडे नेते. गॅबॉनमध्ये तो मार्ग सत्ताधाऱ्यांनीच बुजवला होता, म्हणून तिथल्या जनतेला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण दुसरा इशारा तिथे लागू होतो आणि इथेही. नेत्याचा चेहरा पाहून आमदार-खासदार निवडणारे आपणही आपले दुसरे मत स्वतःच्या हाताने त्याच चेहऱ्याला बांधत असतो. ती मतपत्रिका आपल्यावर कोणी लादलेली नसते.

टाळ्या वाजवणाऱ्या मित्रांना एवढेच सांगणे : घराणे गेले, म्हणून लोकशाही आली असे होत नाही. आपल्या मतदारसंघातला प्रतिनिधी नेत्याला शेवटचा प्रश्न कधी विचारून आला, ते आधी शोधा. मग लष्कराचे बोलू.

जय भीम!