भामरागडची वंशावळ कोणत्या दप्तरात शोधावी?

१/
भामरागड तालुक्यातील एखादी माडिया मुलगी राखीव जागेवर अभियांत्रिकीला प्रवेश घेऊ पाहते, तेव्हा तिच्यापुढे उभा राहणारा प्रश्न मुळात इतिहाससंशोधनाचा असतो. पणजोबा ६ सप्टेंबर १९५० पूर्वी कोणत्या गावी राहत होते आणि त्यांची जमात कोणत्या कागदावर लिहिली गेली, हे तिला दाखवायचे असते. त्या दिवशी अनुसूचित जमातींचा पहिला राष्ट्रपती-आदेश निघाला आणि जात पडताळणीत तीच तारीख सीमारेषा ठरली. हा थ्रेड त्या कागदांच्या शोधाविषयी आहे. आणि शोधाचे ओझे कोणाच्या खांद्यावर असावे, याविषयीही.

२/
आज ते ओझे अर्जदाराच्या खांद्यावर आहे. जात प्रमाणपत्रांच्या पडताळणीसाठी महाराष्ट्राने केलेल्या कायद्याचे कलम ८ तसे स्पष्टच सांगते. खोटे दाखले रोखण्यासाठी ही तरतूद झाली आणि तिची गरज कोणी नाकारणार नाही. मात्र तिच्यामागे एक गृहीतक आहे: प्रत्येक कुटुंबाचा कागद कोठेतरी असतोच, शोधणारा कमी पडतो एवढेच.

३/
मैदानी मुलखात हे गृहीतक बरेचसे खरे ठरते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान्पिढ्या सापडतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घराण्यांचे वंश सांगत गावोगाव फिरतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचे रुमाल आहेत, आणि तहसील कचेरीत जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४. ज्यांच्याकडे जमीन, वतन, यात्रा किंवा देणे-घेणे होते, त्यांची नावे कोणी ना कोणी लिहून ठेवली.

४/
विदर्भाची दप्तरे निराळी, कारण हा मुलूख मध्य प्रांतातला. येथे शोध सुरू होतो तो कोतवाल बुकापासून. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू या वहीत नोंदवून घेई. पुष्कळदा नावासमोर जातही असे. त्याखालोखाल शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जमीन-बंदोबस्ताची मिसल, पी-१ आणि खसरा, आणि १९५४-५५ चे अधिकार अभिलेख. हे शेवटचे कागद सीमारेषेनंतरचे असले, तरी आधीच्या पिढीशी दुवा जोडायला उपयोगी पडतात.

५/
इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमापाशी आले की हा प्रवाह आटतो. हा पट्टा सिरोंचा तहसिलीतील अहेरी जमीनदारीचा. जमीनदारी संपुष्टात आली ३१ मार्च १९५१ रोजी, म्हणजे सीमारेषा उलटून गेल्यावर. तोवर येथील रयत ही बहुतांशी जमीनदाराच्या हिशेबाची बाब होती. त्यातही डोंगरउतारावर जंगल तोडून, जाळून, काही वर्षांनी जागा बदलत केलेल्या पेंडा शेतीला कसला खसरा आणि कसला गट क्रमांक?

६/
शाळेचेही तसेच. हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प १९७३ चा, त्याची शाळा १९७६ ची. म्हणजे तेथील रजिस्टरच्या पहिल्या पानावरचे नावसुद्धा सीमारेषेनंतर २६ वर्षांनी लिहिलेले आहे. लिहिणारेच जेथे पोचले नव्हते, तेथे लिहिलेले मागायचे, असा हा व्यवहार आहे.

७/
माडियांविषयी लेखन कमी झालेले नाही. लुसी स्मिथ यांचा १८६९ चा चांदा बंदोबस्त अहवाल आहे, १९०९ चे चांदा गॅझेटिअर आहे, रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ चे खंड आहेत, बस्तरच्या माडियांवर ग्रिगसन यांचा १९३८ चा ग्रंथ आहे. सरकारला ही जमात येथे आहे हे पक्के ठाऊक होते. १९३६ च्या आदेशाने अहेरी जमीनदारी ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरली, ती त्याच जाणिवेतून. तथापि या हजारो पानांत जमातीचे वर्णन आहे. कोणा एकाच्या पणजोबांचे नाव शोधू जाता हाती काही लागत नाही. जमात दिसली, माणूस दिसला नाही.

८/
शोधकर्त्या तरुणांनी प्रशासकीय भूगोल आधी समजून घ्यावा. गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधीचे कागद चंद्रपूरच्या अभिलेख कक्षात आणि चांदा या नावाखाली पाहावे लागतात. आजचे भामरागडचे गाव जुन्या यादीत सिरोंचा तहसिलीत असते. प्रांताच्या सचिवालयाचे दप्तर नागपूर आणि भोपाळ येथे वाटले गेले. शिवाय एकाच घरातील एकाची नोंद ‘गोंड’, दुसऱ्याची ‘माडिया’, तिसऱ्याची ‘मारिया’ अशी निघू शकते. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ही नावे गोंडांच्या एकाच नोंदीखाली येतात, हे ज्याला ठाऊक नाही तो हाती आलेला कागद ‘आपला नाही’ म्हणून परत ठेवून देईल.

९/
जनगणनेचा मार्ग बंद आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार वैयक्तिक नोंदी पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणून चालतही नाहीत. दर दहा वर्षांनी सरकार दारी येऊन नाव विचारून गेले, पण त्या नावाचा घरच्यांना उपयोग नाही.

१०/
दप्तरच नसलेल्या समाजाने वंश शोधायचा कसा? या प्रश्नाला एका अख्ख्या देशाने दिलेले उत्तर उपलब्ध आहे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या आरंभी, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत नष्ट झाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक पत्रके त्यात गेली. १८६१ ते १८९१ च्या चार जनगणना मात्र आगीने नेल्या नाहीत. त्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. त्यांतल्या दोन तर पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी.

११/
आयरिश संशोधकांनी मग पर्यायी कागद धुंडाळले. धर्मकराच्या आकारणी-वह्या, १८४७ ते १८६४ दरम्यानची ग्रिफिथ यांची मालमत्ता-मोजणी, चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी. १९०१ आणि १९११ ची घरोघरची जनगणना-पत्रके आज कोणालाही घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षे होताना, जळालेल्या दप्तराच्या जगभर विखुरलेल्या नकला जमवून एक आभासी अभिलेखागार खुले झाले. कागद शोधण्याचे काम सार्वजनिक संस्थांनी अंगावर घेतले, हे यातले महत्त्वाचे.

१२/
त्यातील एक प्रकरण भामरागडच्या फार जवळचे आहे. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्यांना वृद्धापकाळ निवृत्तिवेतन मिळू लागले. पण आयर्लंडमध्ये सर्वांसाठी जन्मनोंदणी १८६४ मध्ये सुरू झालेली. सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याकडे वयाचा दाखला कोठून असणार? तेव्हा अर्जदारांसाठी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत त्यांची नावे शोधून उतारे काढले गेले. पुढे मूळ पत्रके जळाली; हे उतारे वाचले. गरिबांनी हक्क मागताना तयार झालेली ती कागदपत्रेच आज वंशशोधाचे साधन आहेत.

१३/
गडचिरोलीच्या पडताळणी समितीकडील फायलींकडे या दृष्टीने पाहावे. प्रत्येक प्रकरणात शपथेवर लिहिलेली वंशावळ असते. समितीचे कागदांवर समाधान झाले नाही, तर दक्षता पथकाचा गृहचौकशी अहवालही असतो. माडिया घराण्यांच्या वंशावळी प्रथमच सलगपणे कागदावर उतरत आहेत, त्या येथे. त्यांना संपलेली प्रकरणे समजून कोपऱ्यात टाकणे म्हणजे डब्लिनची आग स्वतःच्या हाताने लावणे होय. वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र पुढच्या अर्जदाराला मोठा आधार ठरते, त्यामुळे या फायलींचे मोल केवळ ऐतिहासिक नाही.

१४/
न्यायालयांनी संविधानपूर्व कागदाला सर्वाधिक वजन दिले आहे. जमातीच्या चालीरीती विचारून पाहणारी ‘आप्तभाव चाचणी’ ही निर्णायक कसोटी मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याचीच पुष्टी केली. शहरात वाढलेल्या, रीती विसरलेल्या पण जुना कागद जपलेल्या कुटुंबाला यात न्याय मिळाला. भामरागडची स्थिती नेमकी उलटी आहे: भाषा आहे, कुळ आहे, रीत आहे, कागद तेवढा नाही.

१५/
कागदाविना पुरावा कायद्याला अगदीच अपरिचित आहे असेही नाही. वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब, दफनभूमी, पवित्र स्थाने आणि वंशावळ यांना पुरावा म्हणून स्थान आहे. एकाच राज्यात, एकाच कुटुंबाकडे, जमिनीचा हक्क ठरवताना आजोबांचा शब्द चालतो आणि जमात ठरवताना त्याला कागदाशेजारी गौण जागा मिळते. ही विसंगती टिकवून ठेवण्यासारखे कारण दिसत नाही.

१६/
आणि हा पुरावा भक्कम आहे. गोंड कुळे देवांच्या संख्येने विभागलेली असतात: चार देव, पाच, सहा, सात. समान देवांची कुळे एकमेकांची भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. त्यामुळे कोणाचे कोणाशी लग्न झाले हे विचारत गेले की वंशवृक्ष आपोआप ताळ्यावर येतो. खोटे घुसडले तर ते पुढच्या सोयरिकीत उघडे पडते. मृतांच्या स्मरणार्थ गावाबाहेर उभे केलेले दगडही आहेत. कोणता दगड कोणाचा, हे सांगणारी माणसे आज गावागावांत आहेत आणि ती वृद्ध आहेत.

१७/
सरकारला शोध घेता येत नाही, ही सबब २०२३ नंतर टिकणारी नाही. मराठवाड्यातील कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. जुनी दप्तरे उघडली, मोडी वाचणारे बसवले, सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. त्या मागणीचे बरेवाईट येथे तोलायचे नाही. राज्याने मनावर घेतले की नोंदी अर्जदाराकडे चालत येतात, एवढे त्यातून दिसले. महाराष्ट्रातील तीन विशेषतः असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक असलेल्या माडियांच्या वाट्याला मात्र मतांचे तेवढे वजन नाही.

१८/
तसाच शोध भामरागडसाठी हाती घ्यावा. चंद्रपूर, सिरोंचा आणि अहेरी येथील कोतवाल बुके व जमीनदारीचे उरलेले कागद यांच्या प्रतिमा घेऊन गाववार सूची करावी. पडताळणीच्या आणि वनदाव्यांच्या फायली जपाव्यात, त्या त्या कुटुंबाला विनाशुल्क द्याव्यात. ग्रामसभेने वडीलधाऱ्यांचे जबाब माडिया भाषेत ध्वनिमुद्रित करून, लिहून, ठरावासह नोंदवावेत आणि समितीने ते दाखल करून घ्यावेत. हे काम उन्हाळ्यातच उरकावे लागेल. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा रस्ता बंद होतो.