झगे घातलेले बंडखोर
व्हिक्टोरिया राणी गादीवर येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. १३ मे १८३९च्या रात्री पश्चिम वेल्समधल्या एवाइलवेन इथला टोलनाका शेतकऱ्यांनी फोडला. हे बाप्ये बायकांचे झगे घालून, तोंडाला काळं फासून आले होते. म्होरक्याला ते ‘रिबेका’ म्हणत. हे नाव बायबलमधलं, कारण रिबेकेच्या वंशजांना शत्रूंच्या वेशी ताब्यात घेण्याचा आशीर्वाद तिथे आहे. चॅपलमध्ये वाढलेल्या माणसांना तो वेगळा सांगावा लागला नाही. वेषांतरही नवं नव्हतं. गावाची रीत मोडणाऱ्याची धिंड काढताना ते असंच सोंग घेत. मुळात राग चुन्याचा होता. आंबट जमिनीला चुना हवाच, पण भट्टीपासून शेतापर्यंत इतके नाके, की कधी कधी चुन्यापेक्षा टोल महाग पडे. त्यात खंड, दशांश कर आणि गरिबांना डांबणारी वर्कहाउसं. जून १८४३मध्ये कार्मार्थनचं वर्कहाउसच जमावाने फोडलं. या बंडाचं कौतुक करताना हेंडीच्या नाक्यावरची म्हातारी मात्र विसरू नये. सप्टेंबर १८४३मध्ये ती गोळीने मेली, आणि स्थानिक पंचांनी मृत्यूचं कारण अज्ञात ठरवलं. हा निव्वळ भेकडपणा होता. सरकारने फौज धाडली, पण चौकशी आयोगही नेमला. १८४४च्या कायद्याने दक्षिण वेल्समधले रस्ते जिल्हा मंडळांकडे गेले आणि चुन्यावरचा टोल निम्मा झाला.