घरचे मैदान, पाहुण्यांचा करंडक

मुळशीच्या वेशीवरील म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडासंकुलात २९ डिसेंबर २०२४ रोजी प्रो कबड्डीचा अंतिम सामना रंगला. यजमान पुणेरी पलटण मात्र त्यात नव्हती. दहाच महिन्यांपूर्वी, १ मार्चला, याच संघाने हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद पटकावले होते. साखळीतील २२ सामन्यांत केवळ २ पराभव! त्या यशाचा कणा होता बचाव. डावा कोपरा सांभाळणारा इराणचा मोहम्मदरेझा शादलुई पुढच्या लिलावात २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. अशी पकड एका हंगामात पुन्हा उभी राहत नाही. त्यातच कर्णधार अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला. पलटण आठव्या स्थानी घसरली, बाद फेरी हुकली. बालेवाडीत पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवून करंडक उंचावला तो हरियाणाने. शादलुई त्यांच्यात होता.