दुसऱ्या शिक्षणाची दारे कोणासाठी?

परदेशी शिक्षणाची वाट दाखविणाऱ्या सल्लागारांच्या पाट्या एके काळी दक्षिण मुंबईत आणि पार्ल्या-दादरला दिसत. आता त्या पूर्व उपनगरांतील कामगार वस्त्यांपर्यंत पोचल्या आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्यांत केवळ विशीतली मुले नसतात. दहा-दहा वर्षे कचेरीत, बँकेत, संगणकासमोर काढलेली, तिशी ओलांडलेली माणसेही असतात, आणि त्यांतल्या काहींना चक्क गुराढोरांचे, कुत्र्यामांजरांचे डॉक्टर व्हायचे असते. असे कोणी बोलून दाखविले की घरचे हसतात, शेजारी डोक्यावर परिणाम झाला म्हणतात, आणि चळवळीतला कार्यकर्ता हा पोट भरलेल्यांचा छंद आहे असे ठरवून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. ही शेवटची प्रतिक्रिया सर्वांत अधिक चुकीची आहे. ह्या वरवर चमत्कारिक वाटणाऱ्या इच्छेच्या मुळाशी एक मूलभूत प्रश्न आहे: माणसाला आयुष्यात दुसऱ्यांदा शिकण्याचा हक्क आहे की नाही, आणि असल्यास तो कोणाला आहे?

भांडुपमधील एखाद्या चाळीत वाढलेल्या मुलीचे उदाहरण घेऊ. दहावीनंतर तिला वाणिज्य शाखेला घातले जाते. तिची आवड कोणी विचारत नाही. विज्ञान शाखेचा शिकवणीवर्ग परवडत नाही आणि वाणिज्य शाखेनंतर नोकरी लवकर लागते, एवढा हिशेब पुरेसा असतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी घराच्या मिळकतीने घेतलेला हा निर्णय पुढे तिच्या सबंध आयुष्याचा निर्णय ठरतो. बत्तिसाव्या वर्षी ती स्वतः कमावती होते, चार पैसे गाठीला बांधते, संध्याकाळी वस्तीतल्या जखमी जनावरांची शुश्रूषा करते आणि आपल्याला खरे काय करायचे होते हे तिला उमगते. तेव्हा तिच्यापुढे कोणती वाट असते?

परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. आशियातील ह्या विद्येच्या जुन्या संस्थांत त्याची गणना होते. भांडुपहून परळला धीमी लोकल थेट जाते. पण ह्या मुलीच्या दृष्टीने परळ अमेरिकेहूनही दूर आहे. पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेश आज ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होतो आणि त्या परीक्षेला बसण्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय पाठीशी असावे लागतात. परीक्षेची वरची वयोमर्यादा २०२२ साली काढून टाकण्यात आली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु वयाची अट गेली म्हणून वाट मोकळी होत नाही. वाणिज्य वा कला शाखेच्या पदवीधराला पुन्हा बारावीच्या विज्ञानाशी झुंजावे लागते, दोन-दोन वर्षे महागड्या वर्गांत घासून तयार झालेल्या अठरा वर्षांच्या मुलांशी एकाच रांगेत स्पर्धा करावी लागते, आणि त्यातून निभावलेच तर उमेदवारीच्या वर्षासह साडेपाच वर्षे मिळकतीवाचून काढावी लागतात. तिची पदवी, तिचा दहा वर्षांचा कामाचा अनुभव, जनावरांमध्ये घालविलेले तास ह्यांतल्या कशालाही ह्या व्यवस्थेत अर्ध्या गुणाचीही किंमत नाही.

ह्याउलट अमेरिकेतील पद्धत पाहावी. तेथे पशुवैद्यकाची पदवी चार वर्षांची असून तिच्याआधी महाविद्यालयीन शिक्षण झालेले असावे लागते. ते कोणत्या शाखेचे होते ह्याला फारसे महत्त्व नाही. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र असे नेमून दिलेले विषय उमेदवाराने पुरे केले म्हणजे झाले, मग तो आधी हिशेबनीस असो की शिक्षक. बहुतेक विद्यालयांचे अर्ज एकाच सामाईक यंत्रणेतून जातात. अर्जात जनावरांबरोबर व पशुवैद्यकाच्या हाताखाली किती तास काम केले ह्याची नोंद द्यावी लागते आणि ज्यांनी ते काम पाहिले अशांची शिफारसपत्रे जोडावी लागतात. इंग्लंडमध्ये पाच वर्षांच्या नेहमीच्या अभ्यासक्रमाबरोबरच लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजात जीवशास्त्राच्या पदवीधरांसाठी चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. म्हणजे प्रौढ माणूस दुसऱ्यांदा शिकायला येईल हे तेथील व्यवस्थेने गृहीत धरले आहे आणि त्याच्या अनुभवाला तिने प्रवेशाच्या मोजमापात जागा दिली आहे. हा विचार पुरोगामी आहे, तो भांडवलशाही देशातून आला म्हणून नाकारण्याचे कारण नाही.

पण दाराची कडी काढली तरी उंबरठ्यावर पैशाचा पहारा आहेच. अमेरिकेतील अनेक विद्यालये परदेशी विद्यार्थ्याकडून वर्षाला पन्नास हजार डॉलरहून अधिक फी घेतात. राहणे-जेवणे सोडून चार वर्षांची नुसती फी दीड कोटी रुपयांच्या पुढे जाते. अनेक विद्यालये परदेशात झालेले विषय बारकाईने तपासल्यावाचून मानत नाहीत. तेव्हा ते विषय पुन्हा करण्याचा खर्च वेगळाच. तेथील सरकारी विद्यार्थी-कर्ज परदेशी माणसाला मिळत नाही, आणि व्हिसापूर्वी किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. आपल्याकडील बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर कर्ज हवे असेल तर तारण लागते. भांडुपच्या डोंगरउतारावर ज्याचे घर आहे आणि त्या घराखालच्या जमिनीचा कागद ज्याच्या नावावर नाही, त्याने तारण म्हणून काय ठेवावे? सामाजिक न्याय खात्यांच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत. त्या मोलाच्याच आहेत, पण त्यांचा रोख पदव्युत्तर शिक्षणाकडे व पीएच.डी.कडे असून त्यांनाही वयाच्या अटी आहेत. पशुवैद्यकाची पहिलीच पदवी घेऊ पाहणारा क्षेत्रबदलू त्यांच्या चौकटीत सहजासहजी बसत नाही.

थोडक्यात, येथे शाखेची भिंत आणि तेथे पैशाची भिंत. ज्याच्याकडे पैसा आहे तो पहिली भिंत टाळून दुसरी विकत घेतो. ज्याच्याकडे नाही त्याला दोन्ही अडवितात. श्रीमंताने व्यवसाय बदलला तर त्याला धाडस म्हणतात. कामगाराच्या वाट्याला जो व्यवसायबदल येतो त्याला मात्र कोणी नावही देत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो माग-कामगार पहारेकरी झाले, भाजी विकू लागले, रिक्षा चालवू लागले. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा एकेका कारखान्याला टाळे लागून तेथे निवासी मनोरे उभे राहिले, तेव्हा त्यांतल्या कुशल कामगारांनाही आपला धंदा बदलावाच लागला. त्या बदलात निवड नव्हती, आणि शिक्षण तर नव्हतेच. जी व्यवस्था माणसाचा पहिला व्यवसाय क्षणात हिरावून घेऊ शकते, तिच्यावर त्याला दुसरा व्यवसाय शिकविण्याची जबाबदारी का असू नये? प्रौढपणी शिकण्याचा प्रश्न मध्यमवर्गाचा आहे असे म्हणणाऱ्यांनी ह्याचे उत्तर द्यावे.

ह्या विद्येची समाजाला गरज किती आहे हेही पाहिले पाहिजे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ५३ कोटी ५८ लक्ष पशुधन आहे. पाच हजार गोवंशीय एककांमागे एक पशुवैद्यकीय संस्था असावी, हे उद्दिष्ट राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ सालीच पुढे ठेवले होते. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ महाराष्ट्रात पसरली, हजारो गुरे दगावली, तेव्हा प्रशिक्षित हातांची उणीव गावोगाव जाणवली. भूमिहीन मजुराच्या घरची शेळी आणि विधवेच्या दावणीची म्हैस हीच त्यांची बँक असते. ती वेळेवर उपचार न मिळाल्याने मेली तर ते कुटुंब सावकाराच्या दारात उभे राहते. शहरांतही उपनगरांचे तबेले, रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी व रेबीजचे लसीकरण, भांडुपसारख्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्त्यांत बिबट्या आणि माणूस ह्यांचे आमनेसामने येणे, हे सारे शेवटी सार्वजनिक आरोग्याचेच विषय आहेत. अशा कामासाठी कोणी प्रौढ, अनुभवी माणूस आपण होऊन पुढे येत असेल तर त्याला रांगेबाहेर काढणे ही समाजाची चैन म्हणावी लागेल, आणि ती आपल्याला परवडणारी नाही.

परदेशी गेलेला परत येत नाही, मग त्याची काळजी आपण का वाहावी, हा आक्षेप जुना आहे. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या आरंभी क्रांतीच्या ओढीने देशाबाहेर पडले, गदर चळवळीत वावरले आणि अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले. पुढे मेक्सिकोत त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा उभारल्या. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. ज्ञान कोठे मिळविले ह्याहून ते कोणाच्या उपयोगी पडले हा प्रश्न मोठा, हे ह्या एका आयुष्यावरून दिसते. स्थलांतरालाच दोष देत बसणे म्हणजे येथे दारे बंद ठेवणाऱ्यांना सुटका देणे होय.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. प्रौढांना वेगळी वाट दिली तर दर्जा खालावेल, असे सांगण्यात येते. पण मागणी परीक्षा सोपी करण्याची नाही, परीक्षेपर्यंत पोचण्याचा रस्ता बांधण्याची आहे. नेमून दिलेले विज्ञान विषय कसून पुरे केल्यावर जो प्रवेश घेतो त्याच्या ज्ञानात उणे काय राहते? सोळाव्या वर्षी शिकलेले जीवशास्त्र खरे आणि तिसाव्या वर्षी शिकलेले खोटे, असे तर नाही. महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, मुंबईच्या गिरणगावाने रात्रशाळांची परंपरा वाढविली, आणि १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीच्या परीक्षेनंतर पदवीची वाट दाखविली. हाच धागा पशुवैद्यकापर्यंत का नेऊ नये?

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने इतर शाखांच्या पदवीधरांसाठी संध्याकाळी चालणारा विज्ञानाचा पूर्वाभ्यासक्रम सुरू करावा. परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव धारण करणारे शिरवळचे महाविद्यालय, ह्यांत काही जागा अशा प्रौढ उमेदवारांसाठी राखाव्यात आणि त्या जागांवरही सामाजिक आरक्षण काटेकोर पाळावे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पदविकाधारकांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्याची मुभा आहे. खेडोपाडी वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकांना पदवीपर्यंत चढण्याची शिडी सर्वांत आधी मिळाली पाहिजे, कारण दुसऱ्या शिक्षणावर त्यांचा हक्क कोणाहूनही मोठा आहे. आणि शिकण्याच्या काळात घर चालेल एवढे विद्यावेतन हवे. त्यावाचून हे सारे पुन्हा पैसेवाल्यांचेच राहील. केंद्राच्या नियमांत बदल करावा लागेल हे खरे. तो करून घेण्यासाठीच राजकारण असते.

हे होईपर्यंत जे परदेशी अर्ज करतील त्यांना वाऱ्यावर सोडता कामा नये. वस्तीतल्या कार्यकर्त्याने त्यांना दोन-तीन गोष्टी निक्षून सांगाव्यात. पहिली: विद्यालयाला ज्या देशात काम करायचे तेथील व्यवसाय-संस्थेची मान्यता आहे की नाही, हे सल्लागाराच्या तोंडून न ऐकता त्या संस्थेच्या यादीत स्वतः पाहावे. दुसरी: परत येऊन येथे व्यवसाय करायचा असेल तर १९८४ च्या कायद्यानुसार मान्य पदवी व नोंदणी लागते. तेव्हा ती पदवी येथे मानली जाते का, हे भारतीय पशुवैद्यक परिषदेकडून लेखी विचारल्यावाचून फीचा पहिला हप्ता भरू नये. तिसरी: घर गहाण टाकून काढलेल्या कर्जाचा हप्ता येथील पगारातून फिटेल काय, हा हिशेब जाण्यापूर्वी करावा. ज्या सल्लागाराचे उत्पन्न विद्यालयाकडून मिळणाऱ्या दलालीवर अवलंबून आहे, तो हा हिशेब मांडून देईलच असे नाही.

कार्यकर्त्यांनी शिक्षणाचा प्रश्न आजवर मुलांचा म्हणून लढविला. तो तसा लढविणे आवश्यकच होते आणि आजही आहे. पण कारखाना बंद पडलेला बाप, वाणिज्य शाखेत ढकललेली मुलगी आणि वीस वर्षे जनावरांना टोचणारा पर्यवेक्षक हेही विद्यार्थी आहेत, फक्त त्यांना अजून वर्ग मिळालेला नाही. सोळाव्या वर्षी गरिबीने केलेली निवड त्यांनी जन्मभर भोगावी, असे मानणारी व्यवस्था विषमता पुन्हा पुन्हा निर्माण करीत राहणार. दुसरी संधी आज पैसेवाल्यांना बाजारात मिळते. ती सर्वांना सार्वजनिक महाविद्यालयात मिळेल, तेव्हाच शिक्षण हा हक्क आहे असे म्हणता येईल.