कुलगुरुपदाचा हिशेब

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. तिथे पहिल्या महिला कुलगुरू, डॉ. मेहरू बेंगाली, आल्या १९८६ मध्ये. पुढे १९९५ ते २००० या काळात डॉ. स्नेहलता देशमुख होत्या. पदवी प्रमाणपत्रावर आईचे नाव आले ते त्यांच्याच कारकिर्दीत. त्यानंतर मात्र त्या खुर्चीवर पूर्णवेळ कुलगुरू म्हणून स्त्री बसलेली नाही.

मुली शिकत नाहीत म्हणावे, तर तसेही नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत उच्च शिक्षणातल्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या. शिक्षकांतही शंभरात त्रेचाळीस स्त्रिया. मग वर जाताना त्या गळतात कुठे?

मी पडलो बँकेतला माणूस, हिशेब मांडायची सवय जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार कुलगुरुपदासाठी विद्यापीठात प्रोफेसर म्हणून दहा वर्षे लागतात, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेतला तेवढाच अनुभव. नियमात स्त्री-पुरुष भेद नाही. पण ही दहा वर्षे येतात पीएच.डी. वेळेवर झाली तर. आणि ती वेळ नेमकी मुले लहान असण्याची, सासू-सासरे आजारी पडण्याची असते.

आमच्याच घरचे सांगतो. माझी प्रत्येक बढती बदलीसह आली. पत्नी महाविद्यालयात शिकवत होती. तीन वेळा तिने नोकरी सोडली, तीन वेळा नव्या गावी तासिका तत्त्वावर सुरुवात केली. पीएच.डी. झाली तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. निवृत्त झाली ती सहयोगी प्राध्यापक म्हणून. माझ्या बढतीचे पेढे प्रत्येक वेळी तिनेच वाटले. तिच्या नोकरीचे काय, हे मी एकदाही विचारले नाही. मला ते सुचलेच नाही, हे जास्त वाईट.

निवड समित्यांत स्त्रिया हव्यात, पती-पत्नीच्या बदल्या एकत्र व्हाव्यात, मोडलेल्या सेवेची वर्षे धरली जावीत, हे सारे सरकारने करावेच. पण आपल्या घरात सून किंवा मुलगी प्रबंध लिहीत असेल, तर संध्याकाळचा कुकर कोणी लावायचा, हे ठरवायला कुठल्या परिपत्रकाची वाट पाहायची?

मी उशिरा शिकलो. सध्या आमच्या सुनेचा प्रबंध चालू आहे आणि नातवाला शाळेतून आणायचे काम माझ्याकडे आहे.