आधी अंदाज, मग ॲनिमेशन

नव्या सत्रात पायथन शिकवणाऱ्या शिक्षकांना एक आग्रहाची विनंती: प्रोजेक्टर लावण्याआधी मुलांच्या हाती पेन्सिल द्या.

फळ्यावर तीन ओळी लिहा. क = 5, ख = क, क = 7. आता ख किती? नवख्या वर्गात 7 हे उत्तर हमखास येते, आणि त्यामागे तर्क आहे. बीजगणितात बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू कायम समान असतात. इथे तेच चिन्ह त्या क्षणापुरती एक कृती सांगते. हे कितीही बोलून सांगितले तरी डोक्यात शिरत नाही. दोन चौकटी काढायच्या, क मधला 5 खोडून 7 लिहायचा आणि ख ला हात लावायचा नाही, की शिरते.

पण चौकटींवर थांबू नका. क = [1, 2] आणि ख = क लिहून क च्या यादीत 3 जोडा. ख छापला तर तिथेही 3 हजर! चौकटीचे चित्र इथे चक्क दिशाभूल करते. यादी एकच, तिच्याकडे जाणारे बाण दोन, असे काढायला हवे. फिलिप ग्वो यांनी 2010 मध्ये सुरू केलेले ‘पायथन ट्यूटर’ हेच बाण दाखवते, तेही एकेक ओळ पुढे-मागे करत. साधन उत्तम आहे, जरूर वापरा.

मात्र नुसते दाखवून भागत नाही. हुंडहाउझन, डग्लस आणि स्टास्को या संशोधकांनी 2002 मध्ये अल्गोरिदम चित्ररूपात दाखवण्याच्या 24 प्रयोगांचा आढावा घेतला. विद्यार्थ्याला काय दिसते, यापेक्षा तो त्या चित्राशी काय करतो याला जास्त महत्त्व आहे, हा त्यांचा निष्कर्ष. शिक्षणतज्ज्ञ सेमूर पेपर्टही लोगो या प्रोग्रामिंग भाषेतल्या कासवाऐवजी मुलांनाच चौरस चालून बघायला सांगत. म्हणून ‘पुढे’चे बटण दाबण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत काढलेला असावा. तास संथ होईल, पोर्शन मागे पडेल. लूपपाशी पोचल्यावर तो वेळ भरून निघतो, असे आमचे ठाम मत आहे.

प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये आज कोड आणि आउटपुट असते. त्यांच्यामध्ये हाताने काढलेल्या ड्राय रनचे, म्हणजे ओळीगणिक बदलणाऱ्या चौकटी-बाणांचे, एक पान सक्तीचे करा, आणि तोंडी परीक्षेत त्याच पानावर बोट ठेवून विचारा: तिसरी ओळ झाल्यावर इथे काय बदलले?