फ्लॉरेन्सचे व्यापारी आणि विद्येचें पुनरुज्जीवन

लक्ष्मी व सरस्वती एका घरीं नांदत नाहींत, असें आपल्याकडे म्हणण्याचा प्रघात आहे. इटलीतील फ्लॉरेन्स शहराचा इतिहास वाचला असतां हें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं खरें वाटत नाहीं.

या शहरास बंदर नाहीं. इंग्लंडची लोंकर आणावी, तिचें उंची कापड करून परदेशीं विकावें आणि नफा सराफींत घालावा, हा तेथील लोकांचा उद्योग. १२५२ मध्यें त्यांनीं पाडलेलें फ्लोरिन हें सोन्याचें नाणें पुढें युरोपभर चालूं लागलें. जोव्हान्नी व्हिल्लानी हा बखरकार स्वतः व्यापारी होता. त्याच्या लेखाप्रमाणें १३३८ च्या सुमारास शहरांतील सहा शाळांतून हजार ते बाराशें मुलें हिशेब शिकत होतीं. त्रैराशिक, भागीदारीची वांटणी, पिंपांचें माप, असला हा रुक्ष अभ्यास! परंतु पिएरो देल्ला फ्रांचेस्का या थोर चित्रकारानें अशाच व्यापारी गणितावर ग्रंथ लिहिला, आणि दूरची वस्तु चित्रांत कोणत्या प्रमाणानें लहान काढावी यावरही लिहिला. हीं दोन्हीं कामें एकाच बुद्धीचीं होत, असें आमचें मत आहे.

नुसत्या पैशानें मात्र हें घडलें नसतें. श्रीमंत शहरें दुसरींही होतीं. फ्लॉरेन्सचें वैशिष्ट्य असें कीं, तेथील व्यापारी संघांनीं सार्वजनिक कामें अंगावर घेतलीं व त्यांत एकमेकांशीं चढाओढ केली. कॅथीड्रलच्या बांधकामाची देखरेख १३३१ पासून लोंकरवाल्यांकडे होती. १४०१ मध्यें दुसऱ्या एका संघानें बाप्तिस्मामंदिराच्या कांशाच्या दारांकरितां कारागिरांची स्पर्धा लाविली. तींत तरुण गिबर्ती जिंकला आणि ब्रुनेलेस्की हरला. पुढें याच ब्रुनेलेस्कीनें १४२० ते १४३६ या काळांत कॅथीड्रलचा प्रचंड घुमट उभारला. रेशीमवाल्यांनीं १४१९ मध्यें टाकलेल्या मुलांसाठीं अनाथगृह बांधावयास घेतलें. त्याचा आराखडाही त्याचाच.

या वैभवाची दुसरी बाजू झांकणें बरें नव्हे. लोंकर पिंजणाऱ्या मजुरांस स्वतःचा संघ काढण्याची मनाई होती. १३७८ मध्यें त्यांनीं बंड करून तो हक्क मिळविला, पण त्याच वर्षीं तो हिरावून घेण्यांत आला. ज्यांच्या श्रमावर नफा उभा राहिला त्यांस त्याचा वांटा देण्याची बुद्धि या रसिक धनिकांस झाली नाहीं, आणि आम्ही त्याबद्दल त्यांस दोष देतों.

तरीही निक्कोलो निक्कोली याचें उदाहरण आम्हांस फार आवडतें. लोंकरीच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. बापाची दौलत त्यानें हस्तलिखित ग्रंथ जमविण्यांत घालविली आणि १४३७ मध्यें तो कर्जबाजारी होऊन वारला. कोझिमो द मेदिची या सराफानें तें कर्ज फेडलें व त्यांतील सुमारें चारशें ग्रंथ सान मार्को मठांत ठेविले. तेथें १४४४ पासून ते अभ्यासूंस वाचावयास खुले झाले.